अकरा गैरहजेऱ्या

"तेवीस," सुधाताई म्हणाल्या, आणि बोट यादीवर तसंच ठेवून त्यांनी पुन्हा वरून मोजायला सुरुवात केली. दुसऱ्यांदाही तेवीसच भरले.

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातल्या त्या डायलिसिस केंद्राच्या फळ्यावर एरवी पाणी किती प्यावं, केळं का खाऊ नये, असल्या सूचना असायच्या. आज त्या सगळ्या काढून मधोमध एकच कागद लावला होता. चोवीस पेशंटांची नावं, प्रत्येक नावापुढे गुण, आणि अठराव्या नावाखाली लाल रेघ. चारपैकी एक मशीन बंद पडलं होतं. उरलेल्या तिनांवर आठवड्याला छत्तीस पाळ्या बसत होत्या आणि माणशी दोन पाळ्या म्हटलं की अठराच माणसं. रेघेखालच्या सहा जणांनी सोमवारपासून आपापली सोय दुसरीकडे बघायची होती. बळवंत वाबळे, तेविसावा, गुण साडेबत्तीस.

"गरिमा, हे कधी लागलं?"

"सकाळीच. मोहितभैया स्वतः लावून गेले." गरिमा त्यांच्या हाताखालची नर्स, दोन वर्षांपूर्वी लागलेली. "बोलले, कोणी विचारलं तर सांगा की सगळं कंप्यूटरनं झालंय. कोणाची सिफारिश नाही चालली."

"बळवंतचं साडेबत्तीस कंप्यूटरनं काढलं?"

"आता ते मला काय माहीत, ताई. मला तर वाटलं, तुम्हाला विचारूनच केलं असेल."

सुधाताईंच्या डोक्यात तिडीक गेली, पण गरिमाचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांना विचारलं होतं. चांगलं खुर्ची देऊन, चहा पाजून विचारलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. केंद्र चालवणाऱ्या न्यासाचे अध्यक्ष तात्यासाहेब, त्यांचा नातू मोहित गुडगावच्या कुठल्याशा कंपनीत होता. सुट्टीवर आला तो आजोबांनी त्याच्यावर पेशंटांचा क्रम लावायचं काम सोपवलं. लहानपणी याच मोहितला टायफॉइड झाला होता तेव्हा सुधाताई घरी जाऊन सलाइन लावून आल्या होत्या, त्यामुळे त्या त्याला अरे-तुरेच करायच्या. त्याने लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "ताई, एकदम सिंपल आहे. आपल्याला एकाच वेळी चार गोष्टी सांभाळायच्या आहेत. पेशंट नियमित येतो की नाही, वय काय, तब्येत किती साथ देईल, आणि किती लांबून येतो. चारही एकदम जास्तीत जास्त मिळत नाहीत. कुठे तरी सोडावं लागतं. तर प्रत्येक गोष्टीला शून्य ते शंभर गुण, आणि कुठली गोष्ट किती महत्त्वाची त्याचं वजन. गुणिले करा, बेरीज करा. याला व्हॅल्यू फंक्शन म्हणतात."

"म्हणजे माणसाची किंमत लावायची."

"माणसाची नाही हो. निर्णयाची." तो हसला. "पूर्वी कसं व्हायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आजोबांची चिठ्ठी आली की नाव वर. हे तरी फेअर आहे ना?"

हे मात्र खरं होतं. एकोणीस वर्षांत सुधाताईंनी चिठ्ठ्या काही कमी पाहिल्या नव्हत्या. कुणाच्या साडूचा साडू आला की एखादा रिक्षावाला गुपचूप पुढच्या आठवड्यात ढकलला जायचा आणि त्याला कारण सांगायचं काम सुधाताईंचं. म्हणून त्यांना पोराचं बोलणं पटलं. कुणीतरी आपल्याला विचारतंय, आपल्या अनुभवाला किंमत देतंय, याचं बरंही वाटलं. कशाला खोटं बोला.

"समजा दोन पेशंट आहेत," मोहित म्हणाला. "बाकी सगळं सेम. एक साठीचा, पण एकही पाळी चुकवत नाही. दुसरा तिशीचा, पण मधूनमधून गायब. मशीन एकच. कोणाला घ्याल?"

"जो येतो त्याला," सुधाताई ताबडतोब म्हणाल्या. न येणाऱ्यांना रागावण्यात त्यांची हयात गेली होती. लग्न होतं म्हणून नाही आलो, पाऊस होता म्हणून नाही आलो, बरं वाटत होतं म्हणून नाही आलो. आणि मग चार दिवसांनी तोंड सुजवून, धापा टाकत हजर.

"आणि दोन वर्षांत किती नागे झाले, किती पाळ्या चुकल्या, की तुम्ही समजता, हा पेशंट आता हाताबाहेर गेला?"

"दहा."

मोहितने दहा लिहिलं. मग त्याने असेच उलटसुलट प्रश्न विचारून वजनं काढली. नियमितपणाला चाळीस, वयाला पंचवीस, तब्येतीला वीस, अंतराला पंधरा. शंभर भरले. सुधाताईंनी चहा संपवला आणि कामाला लागल्या. बिनचेहऱ्याच्या माणसांबद्दल विचारलं होतं, बिनचेहऱ्याचीच उत्तरं त्यांनी दिली होती.

आणि आज त्या उत्तरांना बळवंत वाबळेचा चेहरा लागला होता.

तो आतच होता, दोन नंबरच्या मशीनवर, गुरुवारच्या सकाळच्या पाळीत. बिर्ला नगरच्या मिल-कामगारांच्या लाइनीत राहायचा. बाप मिलमध्ये होता, मिल बंद झाली तेव्हा बळवंत शाळेत होता. मग शिवणयंत्र घेतलं आणि शाळांचे गणवेश शिवायला लागला. शेहेचाळीस वर्षांचा, लग्न झालं नाही, आई होती ती गेल्या वर्षी गेली. दोन ई-रिक्षा बदलून यायचा. चार तास मशीनवर पडून राहायचा आणि तोंडात बर्फाचा एक खडा धरायचा, कारण ग्वाल्हेरच्या मे महिन्यात दिवसाकाठी मोजून तीन पेले पाणी म्हणजे काय असतं ते त्याचं त्यालाच माहीत.

सुधाताईंनी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. शिरा जोडून केलेल्या त्या जागी रक्ताची थरथर बोटांना नीट लागत होती. हे करायची आत्ता काही गरज नव्हती.

"बघितली ताई मी यादी," बळवंत म्हणाला. "येतानाच बघितली. तेवीस."

"तू गप्प पड."

"नाही, मी काय म्हणतो, सहा जणांना तर जायचंच आहे ना. कोणी तरी जाणारच. माझ्या मागे कोण आहे रडायला? दुसरीकडे नाव लावून देऊ. तोपर्यंत थोडं दाबून बसवू." गणवेश शिवणाऱ्या माणसाची ही नेहमीची भाषा. सगळं थोडं दाबून, थोडं उसवून बसवता येतं असं त्याला वाटायचं.

"तोपर्यंत म्हणजे किती दिवस, ठाऊक आहे तुला? आठ दिवस निघणार नाहीत तुझे," सुधाताई म्हणाल्या. "आणि हे बघ, हा चांगुलपणा मला दाखवू नकोस. त्याच्यापायीच हे झालं आहे."

बळवंतला काही कळलं नाही. सुधाताईंना मात्र बोलता बोलताच कळलं होतं.

त्या तडक रजिस्टरांच्या कपाटाकडे गेल्या. मोहितने दिलेल्या तक्त्यात प्रत्येक पेशंटाचे गुण कसे आले ते लिहिलं होतं. बळवंत वाबळे, गैरहजेऱ्या चौदा. दहाच्या वर, म्हणून नियमितपणाचे गुण शून्य. चाळीस गुणांचा विषय आणि त्यात भोपळा. चौदाच्या चौदा तारखा सुधाताईंच्या अक्षरात होत्या. गोल, सुबक अक्षर. गैरहजर, गैरहजर, गैरहजर.

आता या गैरहजेऱ्या कशा होत्या ते सांगायला हवं. केंद्रात स्मृती नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती. कॉलेजात शिकायची. तिचं दुखणं फार बेभरवशाचं. डायलिसिसची पाळी नसलेल्या दिवशी अचानक छातीत पाणी भरायचं, आडवं पडता यायचं नाही, आणि बाप तिला पाठुंगळी घेऊन दारात उभा राहायचा. चारही मशिनं भरलेली. अशा वेळी बळवंत, ज्याची पाळी नुकतीच सुरू व्हायची असायची, तो पिशवी उचलून पलंगावरून खाली उतरायचा. "आधी हिला घ्या, ताई. मला काय, मी उद्या येतो." उद्या जागा असली तर त्याचं व्हायचं. नसली तर परवा. परवा तो यायचा तेव्हा त्याचे डोळे सुजून बारीक झालेले असायचे आणि पायात चप्पल शिरत नसायची. एकदा तर अनवाणी आला होता, तापलेल्या रस्त्यावरून.

आणि सुधाताई रजिस्टरात काय लिहायच्या? रजिस्टरात रकाने दोनच होते, हजर आणि गैरहजर. त्या वेळचे मोठे डॉक्टर सांगून ठेवत, "सिस्टर, पाळी ज्याच्या नावाची त्याचीच. नर्सने एकाची पाळी दुसऱ्याला दिली असं कागदावर दिसलं तर तपासणीत उत्तर मी देऊ? गैरहजर लिहा. गैरहजर लिहिलं की कुणी काही विचारत नाही." मग सुधाताई बळवंतपुढे गैरहजर लिहायच्या आणि पानाच्या तळाशी स्मृतीचं नाव लिहून पुढे 'जादा' लिहायच्या. डॉक्टर केव्हाच नोकरी सोडून इंदूरला गेले. सवय राहिली. खरंच कुणी काही विचारलं नाही, दोन वर्षं. आणि जेव्हा विचारलं तेव्हा माणसांना नाही विचारलं, रजिस्टरला विचारलं.

म्हणजे त्याचा गुण होता तोच त्याच्या गुणांतून वजा झाला होता. दहावर मर्यादा सांगणाऱ्या सुधाताई, चाळीस वजन देणाऱ्या सुधाताई, आणि गैरहजर लिहिणाऱ्याही सुधाताईच. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि त्यात स्वतःवरचा राग सगळ्यात जास्त होता.

दुपारी बळवंतची सुई काढून, पट्टी बांधून, त्याला रिक्षात बसवून दिलं आणि सुधाताई दोन वर्षांची रजिस्टरं छातीशी धरून जिना चढल्या. वरच्या ऑफिसात तात्यासाहेब आणि मोहित दोघेही होते. तात्यासाहेब म्हणजे जुने वकील. ऐंशी उलटली तरी बाहीचं बटण लावल्याशिवाय कुणाला भेटायचे नाहीत, आणि आवाज कधीच चढायचा नाही. त्या आवाजात त्यांनी आजवर कितीतरी माणसांना नाही म्हटलं होतं.

"बसा, सुधाताई. यादीबद्दल ना?"

सुधाताई बसल्या नाहीत. त्यांनी रजिस्टर उघडून मोहितपुढे ठेवलं. "ही तारीख बघ. बळवंत गैरहजर. आता खाली बघ. स्मृती, जादा. आता हे पान. बळवंत गैरहजर, स्मृती जादा. हे पान. हे पान." त्या पानं उलटत राहिल्या. "चौदातल्या अकरा तारखा अशा आहेत. उरलेल्या तीन खऱ्या. आईच्या दिवसकार्यात होता तेव्हाच्या. अकरा वेळा तो माणूस इथे आला होता, मोहित. सकाळी सातला या दारात उभा होता. मी त्याला परत पाठवला आणि मीच वर गैरहजर लिहिलं."

मोहितने लॅपटॉप ओढला आणि तारखा ताडून पाहिल्या. पोरगा लबाड नव्हता, हे सांगायला हवं. त्याचा चेहरा उतरला. "ताई, हे तर डेटाच गलत आहे."

"तेच सांगायला आले आहे."

"पण तुम्ही मला तेव्हा का नाही सांगितलं? मी विचारलं होतं, रजिस्टर बरोबर आहे ना."

"तू विचारलंस रजिस्टर बरोबर आहे ना, मी म्हटलं बरोबर आहे. कारण एकोणीस वर्षं त्यात खाडाखोड नाही. मला काय माहीत, तू त्याच्यावरून माणसं काढणार आहेस. आणि तू विचारलंस तेव्हा समोर कुणाचा चेहरा नव्हता."

"चेहरा नसतो म्हणूनच फेअर असतं, ताई."

"चेहरा नको तर नको, बाबा. तारीख तरी खरी हवी की नको?"

मोहितने पुन्हा लॅपटॉप पुढे ओढला. त्याने बोटं चालवली. "तीन नागे धरले तर नियमितपणाचे सत्तर. टोटल साडेसाठ. तो नवव्या नंबरवर येतो." मग म्हणाला, "पण तो वर आला की एक जण खाली जाणार. अठराव्या नंबरवर विजयाबाई आहेत."

हे सुधाताईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. खरं तर सोपा हिशोब होता, पहिलीतल्या पोरालाही आला असता. विजयाबाई चोपन्न वर्षांच्या, गोरखीजवळ दोन खोल्यांत राहायच्या, चार घरी पोळ्या करायच्या. मंगळवार-शुक्रवार यायच्या. चार तासांत एकदाही तक्रार नाही, आणि जाताना मशीनला हात लावून नमस्कार करायच्या.

"ठीक आहे," तात्यासाहेब म्हणाले. आत्तापर्यंत ते नुसते ऐकत होते. "सुधाताई, तुमची कळकळ मला समजते. पण जरा पुढचं बघा. रजिस्टर खोटं आहे असं आपण कबूल केलं तर मग अकराच नोंदी कशाला, सगळंच खोटं कशावरून नाही? केंद्राची मान्यता त्या रजिस्टरावर आहे. एकासाठी अठरांची नाव बुडवायची का?"

"म्हणजे तो मरू दे."

"असं मी म्हटलेलं नाही."

"तुम्ही कधीच म्हणत नाही, तात्यासाहेब. तुम्हाला म्हणावं लागत नाही." सुधाताई थांबल्या नाहीत. "आणि मला एक सांगा. चौथं मशीन का बंद आहे? मी मेकॅनिकला विचारलं. एक पंप बदलायचा आहे, बस. ते मशीन चादर टाकून कोपऱ्यात ढकललं आणि त्याची खोली रिकामी करून घेतली. कशासाठी? लेझर क्लिनिकसाठी. बायकांच्या ओठावरची लव काढायला. चोवीस माणसांना तुम्ही चार-चार विषयांचे गुण लावलेत. त्या खोलीला किती गुण लावलेत? त्या लेझरला किती लावलेत?"

मोहित आजोबांकडे बघत होता. त्याला हे माहीत नव्हतं असं दिसलं.

"मोहित, तू सांग. तुझ्या त्या फंक्शनमध्ये आहे का खोली?"

"नाही," मोहित हळूच म्हणाला. "मला सांगितलं होतं, मशीन तीन आहेत. तिथूनच सुरू केलं."

"बघ. तीनच आहेत हे कुणी ठरवलं ते कुणी विचारायचं नाही. तीन आहेत म्हटल्यावर मग आपण सगळे मिळून फेअर."

तात्यासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खोलीचा निर्णय विश्वस्तांचा आहे, तो झाला. आता तुमच्याबद्दल बोलू. तोंडी सांगण्यावर मी यादी बदलू शकत नाही. लेखी लागेल. अकरा नोंदी तुम्ही जाणूनबुजून चुकीच्या केल्या, असं तुमच्या सहीनं. आणि तसा कागद फाइलला लागला की मला तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही. सात महिने राहिलेत ना तुमचे?"

"सात."

"विचार करा. नाही लिहिलंत तर रजिस्टर म्हणतं तेच खरं."

सुधाताईंनी विचार केला. तो काही फार उदात्त विचार नव्हता. सात महिन्यांनी निरोप समारंभ, शाल, नारळ, फंडाचे कागद विनाकटकट हाती. लेकीला अवंतिकाला इंदूरला काय सांगायचं. मग विजयाबाईंचा नमस्कार डोळ्यांसमोर आला आणि त्या खरोखरच डगमगल्या. लिहिलं तर विजयाबाई बाहेर. नाही लिहिलं तर बळवंत. दोघांतलं कोण, हे त्यांनी का ठरवावं? ज्यांनी खोली घेतली ते वर बसून मोकळे, आणि कुणाचा गळा धरायचा ते मात्र पोळ्या करणाऱ्या बाईत आणि गणवेश शिवणाऱ्या माणसात निवडायचं. संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी संताप आला.

पण एक गोष्ट त्यांना स्वच्छ दिसत होती. तो अकरा वेळा आला होता. ते खरं होतं, आणि ते फक्त त्याच सांगू शकत होत्या.

"कागद द्या," त्या म्हणाल्या.

उभ्यानेच लिहिलं. अकराच्या अकरा तारखा, प्रत्येक तारखेपुढे 'हजर होता, पाळी दुसऱ्या पेशंटास दिली', आणि शेवटी एक वाक्य कुणी न मागता: चौथे मशीन दुरुस्त होण्यासारखे आहे, ते चालू केल्यास सहापैकी एकालाही काढावे लागणार नाही. खाली सही. तात्यासाहेबांनी कागद वाचला, शेवटच्या ओळीवर क्षणभर रेंगाळले, मग घडी घालून फाइलमध्ये ठेवला.

"किल्ल्या सोमवारी गरिमाकडे द्या," ते म्हणाले.

मोहित जिन्यापर्यंत मागे आला. "ताई, सॉरी. मी आजोबांशी बोलतो खोलीबद्दल."

"बोल," सुधाताई म्हणाल्या. "गुण लावून बोल."

शनिवारी नवी यादी लागली. बळवंत नववा. लाल रेघ तिथेच. सोमवारी सकाळी सातची पाळी, मशीन दोन, ही आता बळवंतची. ती आधीच्या यादीप्रमाणे विजयाबाईंना दिली होती, शुक्रवारी त्या आल्या तेव्हा गरिमानेच त्यांना चिठ्ठीवर लिहून दिली होती. नवी यादी लागल्यावर त्यांना कळवायला फोन केला गेला, तो मुलाच्या नंबरवर. मुलगा सुरतेला कामाला. त्याने उचलला नाही. पुन्हा कुणी केला नाही.

सोमवारी सुधाताई साध्या साडीत आल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्या दारातून पांढऱ्या कपड्यांशिवाय आत शिरल्या आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं. किल्ल्यांचा जुडगा गरिमाच्या हातात देत होत्या, तेवढ्यात बाकाकडे लक्ष गेलं.

बाकावर एका टोकाला बळवंत होता. दुसऱ्या टोकाला विजयाबाई. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा आणि पांघरायला पातळ चादर, हातात गरिमाची चिठ्ठी. पावणेसातलाच येऊन बसल्या होत्या.

गरिमाच्या तोंडचं पाणी पळालं. तिने यादी पाहिली, विजयाबाईंकडे पाहिलं, मग सुधाताईंकडे. "ताई, यांना कोणी सांगितलंच नाही."

बळवंतने ऐकलं. त्याला समजायला वेळ लागला नाही. कधी उठायचं, एवढं एकच त्याला नेहमी पटकन समजायचं. तो उठला, पिशवी उचलली, आणि तोंड उघडणार एवढ्यात सुधाताई म्हणाल्या, "बळवंत, खाली ठेव पिशवी."

"ताई, पण मी काय म्हणतो..."

"तू काही म्हणत नाहीस. आत जा. दोन नंबर. चप्पल बाहेर काढ." त्या त्याच्याशी इतक्या कडक आवाजात कधी बोलल्या नव्हत्या. "आज उठलास ना, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. अकरा वेळा उठलास. पुष्कळ झालं."

बळवंत उभा राहिला. त्याने विजयाबाईंकडे बघायचा प्रयत्न केला, पण त्याला ते जमलं नाही. मान खाली घालून तो आत गेला. पलंगाची करकर ऐकू आली, मग गरिमाने कापूस फाडल्याचा आवाज. सुधाताई दाराशी उभ्या राहून सुई नीट लागली की नाही ते लांबूनच बघत राहिल्या. लागली.

मग त्या विजयाबाईंशेजारी बाकावर बसल्या आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. यादी, रेघ, बळवंतच्या तारखा, आपला कागद. "तुमचं नाव माझ्या सहीनं गेलं आहे, विजयाबाई," त्या म्हणाल्या. "मशीन आहे. ते चालू करत नाहीत. पण सही माझी आहे."

विजयाबाईंनी हातातल्या चिठ्ठीची घडी घातली. मग म्हणाल्या, "मग आता मी घरी जाऊ का?" जणू पाळी पुढे ढकलली असावी, इतक्या साध्या आवाजात.

"घरी नाही. सरकारी दवाखान्यात जायचं. मी येते बरोबर. आजच्या आज तुमची पाळी झाल्याशिवाय मी तिथून हलत नाही, मग मला हाकललं तरी चालेल. तुमच्या मागे आणखी पाच जण आहेत, त्यांच्याही घरी जायचं आहे मला. आता मला काम काय आहे दुसरं."

गरिमा रजिस्टर घेऊन बाहेर आली. आजचं पान नवं होतं. बळवंतपुढे तिने 'हजर' लिहिलं होतं. पेन तसंच उचललेलं धरून ती म्हणाली, "ताई, यांचं काय करू? यादीत नाव नाही आता. सोडून देऊ? की गैरहजर?"

"आण इकडे."

सुधाताईंनी रजिस्टर हातात घेतलं नाही. तो हक्क आता त्यांचा नव्हता. त्यांनी चष्मा लावला आणि पानाच्या तळाशी, जिथे त्या 'जादा' लिहायच्या तिथे बोट ठेवलं.

"इथे लिही. विजयाबाई. सकाळी पावणेसात."

गरिमाने लिहिलं. "पुढे?"

"हजर होत्या."

गरिमाने आधी सुधाताईंकडे पाहिलं, मग जिन्याकडे. मग लिहिलं.

"आता लिही, परत पाठवलं. आणि खाली आजची तारीख घाल, नीट."

तारीख घालून होईपर्यंत सुधाताई थांबल्या. सगळं एकदा वाचून पाहिलं. मग विजयाबाईंच्या मांडीवरची पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली, आणि दोघी बाहेर उन्हात रिक्षा बघायला उभ्या राहिल्या.